हातरूण ओलं होणार नाही

रामटेके बाईंची आणि माझी पहिली ओळख झाली ती वासाने. आणीबाणी उठली त्या वर्षी मी मोहाडीच्या मुलींच्या शाळेत शिवणकामाची शिक्षिका म्हणून रुजू व्हायला आले. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि असा काही उग्र वास नाकात शिरला की वाटलं, शेजारी कुणाची तेलाची घाणी असावी. घाणी-बिणी काही नव्हती. मैदानात खो-खोच्या दोन खांबांच्या मध्ये दोरीवर एक मातकट तंबू टाकलेला होता आणि पदर करकचून खोचलेली एक ठेंगणी बाई केरसुणीने त्याला तेल फासत होती. गळ्यात मंगळसूत्र आणि मंगळसूत्राच्या शेजारी काळ्या दोरीत शिट्टी.

"शिवणाच्या नव्या बाई का तुम्ही?" तिने वर न बघताच विचारलं.

"हो. मोठ्या बाई कुठे बसतात?"

"बसन कुठीतरी. आधी इकडं या. बरं झालं बापा तुम्ही आल्या! ही शिवण पाहा. कोणं मारली असन, हात मोडला पाहिजे त्याचा."

खांद्यावर पिशवी, पायांत प्रवासाची धूळ, रुजू झाल्याची सहीही अजून केली नव्हती, आणि मी तंबूखाली मान वाकडी करून शिवण बघत होते. वरून टपटप तेल नव्या साडीवर. नंतर मोठ्या बाईंसमोर, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेसमोर, उभी राहिले तेव्हा त्यांनी एकदा हवा हुंगली आणि म्हणाल्या, "भेटल्या वाटतं रामटेके बाई."

बाई आमच्याकडे खेळ शिकवायच्या आणि गाइडच्या मुलींचं पथक चालवायच्या. त्या पथकाचे चार जुने तंबू म्हणजे बाईंचा जीव. मी यायच्या आधीच्या जानेवारीत त्या मुलींना घेऊन पहिल्यांदा शिबिराला गेल्या, आणि नेमका अवकाळी पाऊस आला. तंबू चाळणीसारखे गळले. परत आल्यावर मुलींच्या गोधड्या वाळायला दुसरी जागा नाही म्हणून शाळेच्या कुंपणावर टाकल्या. बाजाराचा दिवस होता. झालं! सारं गाव आलं बघायला. अंथरुणाला आमच्याकडे हातरूण म्हणतात. "अख्ख्या शाळेनं हातरूण ओलं केलं" असं जो तो म्हणू लागला आणि पोरींना रस्त्याने जाणं कठीण झालं.

त्यामुळे पुढच्या शिबिराचं नाव काढायची सोय राहिली नव्हती. मोठ्या बाईंनी सरळ सांगितलं होतं: पालक हो म्हणाले तर जा, पण पुन्हा हातरूण ओलं झालं तर पथक बंद, आणि तंबू पोरांच्या हायस्कुलाला. त्या हायस्कुलाचे स्काऊटमास्तर अधूनमधून 'सहज' यायचे आणि तंबूचं कापड चिमटीत धरून चोळून बघायचे, लग्नाच्या बस्त्याला आल्यासारखे. ते गेले की बाई तेवढी जागा ओल्या फडक्याने पुसून काढायच्या.

बाईंच्या सवयी काय सांगाव्यात! एक म्हणजे त्या कधी छत्री वापरत नसत. "छत्री म्हंजे आळशी मानसाचा तंबू," म्हणायच्या आणि भिजत यायच्या. दुसरी, विनोद सांगायच्या आधी स्वतःच इतक्या हसायच्या की विनोद राहूनच जायचा. आणि तिसरी सवय गाठींची. बोलता बोलता हाताला जे लागेल त्याला गाठ मारायची. शिक्षक-खोलीत बाई शेजारी बसल्या की सावध राहावं लागे. घंटा झाली, उठायला गेलं, की खुर्ची मागे मागे यायची, कारण आपला पदर खुर्चीच्या दांडीला बांधलेला. गाठ अशी पक्की की ओढली तर घट्ट आणि नेमकं टोक धरलं तर सुर्रकन सुटणार. पण नेमकं टोक कुठलं, ते बाईंनाच ठाऊक. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांची पिशवी बांधून ठेवली होती. साहेब गेले, पिशवी राहिली. बाई मागे धावत गेल्या त्या पिशवीसकट टेबलाचा ड्रॉवर हातात घेऊन.

आणि त्यांचं ते पालुपद. तंबू दोरीवर असले की पोरी दर घटकेला विचारायच्या, "वाळलं का जी बाई?" कुणी आलं, गेलं, ते विचारणार, "वाळलं का?" त्याला कंटाळून बाईंनी उत्तर ठरवून टाकलं होतं, "वाळलं का सांगजा!" म्हणजे वाळलं की तुम्हीच मला सांगा. हळूहळू बाई ते सगळ्यालाच म्हणू लागल्या. कुणाचं भांडण झालं, वाळलं का सांगजा. कुणाच्या सासूने तोंड फुगवलं, वाळलं का सांगजा. माझ्या पहिल्याच तपासणीत साहेबांनी सगळ्या वर्गासमोर माझे वाभाडे काढले. मी शिवणाच्या खोलीत जाऊन रडत बसले, तर बाई आल्या, स्वतःचा रुमाल पुढे केला, "वाळलं का सांगजा," म्हणाल्या आणि शेजारी बसून दोऱ्याच्या रिळाला गाठी मारत राहिल्या. मला तेव्हा त्यांचा फार आधार वाटला.

ते तेल मात्र बाद झालं. मोहाच्या बियांचं तेल होतं ते, टोळीचं तेल म्हणतात आमच्याकडे. पावसाळ्यात त्याने काम चोख केलं. पाणी कमळाच्या पानावरून पळावं तसं पळायचं. बाई खूश. मग आली थंडी. एका सकाळी तंबू उघडायला गेलो तर तेल गोठून पांढरं, आणि तंबू पापडासारखा कडक. घडी मोडता मोडेना. त्यात जंगलाकाठच्या गावची एक पोरगी हळूच म्हणाली, "बाई, ह्या वासानं अस्वल येते जी. आमच्या वाडीत मोहाखाली येते ना!"

बाई खूप हसल्या. "येऊ दे अस्वलाले, त्यालेही गाइडचं वचन शिकवू." दोन दिवस हसत होत्या. तिसऱ्या दिवशी गुपचूप सोडा उकळून चारी तंबू धुवायला घेतले.

मग कुठून तरी त्यांनी साबण आणि तुरटीची रीत शोधून आणली. कापड आधी साबणाच्या कढत पाण्यात बुडवायचं, पिळायचं, मग तुरटीच्या पाण्यात. दोन्ही मिळून कापडाच्या धाग्यात असं काही धरतं की पाणी आत शिरत नाही. बाजारात त्यांनी पिशवीभर तुरटी मागितली तेव्हा दुकानदाराने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"न्हाव्याचं दुकान टाकून राहिल्या का बाई?"

"हो. पहिल्यांदा तुमचीच करतो," बाई म्हणाल्या. दुकानदाराने मुकाट्याने तुरटी तोलून दिली.

स्नेहसंमेलनाच्या जेवणाचे गंज, म्हणजे मोठाले टोप, बाहेर काढले, मैदानात चुली मांडल्या. कोपरापर्यंत फेस, डोळ्यांत धूर, आणि पोरी अशा खूश की जणू घरचं लग्न आहे. शिवणींचं काम माझ्याकडे होतं. "पानी कापडातून नाही येत, शिवणीतून येते," असं बाईंचं म्हणणं, कारण सुई गेली तिथे भोक पडतंच. म्हणून मी मुलींना घेऊन प्रत्येक शिवणीवर मेणाची वडी घासायची आणि वरून कोळशाची इस्त्री फिरवायची. मेण वितळून भोकात बसे. मी कुरकुर करत असे, की मला बाळंतविडे नि झबली शिकवायला नेमलंय, तंबू इस्त्री करायला नाही. बाई म्हणायच्या, "हेही झबलंच आहे वो, पथकाचं."

परीक्षेचा दिवस उजाडला. तंबू ठोकला. बाई घरून खास कडक खळीची पांढरी साडी नेसून आल्या आणि तंबूत मधोमध मांडी घालून बसल्या. वरून पोरींनी बादल्यांवर बादल्या ओतल्या. आतून बाईंचा आवाज, "आणखी! दम नाही का हातात?" बाहेर आल्या त्या कोरड्या ठणठणीत, खळीला सुरकुती नाही. पोरींनी मैदान डोक्यावर घेतलं. मग मलाही बसायची हौस आली. मी बसले, वर बघितलं, आणि एवढं पाणी वर असून छत कसं कोरडं म्हणून नुसतं बोट टेकवलं. टेकवलं तिथून थेंब. मग दुसरा. मग धारच लागली.

बाईंनी आत मुंडकं घालून बघितलं आणि खुशीत टाळी वाजवली. "अरे वा! हे तं मले मालूमच नव्हतं! बरं केलं." त्यांनी खटपट करून त्याच्यावरही उपाय काढला: गळणाऱ्या जागी बोट ठेवायचं आणि तसंच कापडावरून सरकवत खाली कडेपर्यंत आणायचं, की पाणी त्या रेघेने मुकाट्याने खाली उतरतं. पण त्या दिवसापासून नियम ठरला: पाऊस असताना आतून छताला बोट लावायचं नाही. पोरी झोपेतही म्हणायच्या, "बोट नाही लावाचं."

मग राहिली पालकांची सभा. सभेत पहिल्या रांगेत दौलतराव सार्वे बसले होते. ते धानाचे व्यापारी, शाळेच्या समितीवर, आणि त्यांची कुसुम आठवीत, पथकात. दौलतरावांचा कशावरही विश्वास नसे. धानाची पोती बघताना विकणारा काहीही सांगो, त्यांचं बोट आधी पोत्यात जायचं. तांदळात बोट, गुळात बोट, सरकारी खताच्या थैलीतही बोट. ते 'हो' म्हणाले तर गाव 'हो' म्हणणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

बाई उठल्या. छातीवर हात ठेवला आणि माईकवर खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मी तुमाले शब्द देतो. ह्या टायमाले शिबिरात एकाही पोरीचं हातरूण ओलं होणार नाही. जिम्मेदारी माही!"

सभेत बायकांनी पदर तोंडावर घेतले. मागून कुणाच्या तरी आजीने काळजीने सल्ला दिला, "झोपाच्या टायमाले पानी नको देजा वो पोरींले." दौलतराव ताडकन उठले. चेहरा लालबुंद.

"अवो बाई! माही पोरगी आठवीत आहे! झबल्यात होती तवाही तिनं कधी असं केलं नाही, अन् तुम्ही भर सभेत माईकवरून काय बोलून राहिल्या?"

बाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या माईकपाशीच खाली बसल्या आणि हसू लागल्या, आणि ते हसणं कर्ण्यातून पार बसस्टँडपर्यंत गेलं. शेवटी डोळे पुसत म्हणाल्या, "काकाजी, मी पावसाचं बोलून राहिली. पन ते तुमी म्हनता ना, त्याचीही जिम्मेदारी माहीच, जा!"

आता दौलतराव सोडून सगळेच हसले. हसता हसता लोक तयार झाले. दौलतरावांनाही नाही म्हणता येईना. बसता बसता ते एवढं मात्र म्हणाले, "मी पाहीन. एक जरी ओलं दिसलं तं तुमी अन् तुमची शिट्टी घरी."

संक्रांत झाली आणि आम्ही बंड्यांमधून, म्हणजे बैलगाड्यांमधून, निघालो. तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या आडोशाला, तंबू ठोकले. ऊन स्वच्छ, तलावावर बगळे, पोरी दिवसभर गात होत्या. बाई मात्र अधूनमधून आभाळाकडे बघायच्या, आणि मला तर वाटतं, पाऊस येत नाही म्हणून त्या जरा हिरमुसल्याच होत्या. परतायच्या आदल्या दुपारी पश्चिमेकडून ढग चढला. त्या ढगासोबतच पाळीवरून एक सायकल येताना दिसली. सायकलीवर दौलतराव.

"कुसुमले न्यायले आलो. आभाळ पाहून राहिल्या ना? झाला तेवढा तमाशा पुरे."

"बाबा, मी नाही येत," कुसुम म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काकाजी, थांबून पाहा तं खरं," बाई म्हणाल्या, आणि तेवढ्यात पहिली सर आली. बाईंनी त्यांना दंडाला धरून तंबूत ढकललं आणि पाहुणा म्हणून कुसुमच्याच हातरुणावर बसवलं. मी, बाई आणि सात-आठ पोरी भोवती. बाहेर पाऊस असा कोसळायला लागला की तलाव दिसेना. आत सगळ्यांच्या माना वर. दौलतराव छताकडे बघत होते, आम्ही दौलतरावांकडे.

एक थेंब नाही.

"गळून नाही राहिलं?" दौलतराव शेवटी म्हणाले.

"नाही जी."

"काहून पन?"

"तुरटी अन् साबन, काकाजी. आधी काय केलं..." बाईंनी नुकतीच सुरुवात केली होती. पण जन्मभराची सवय! दौलतरावांचं बोट आपोआप वर गेलं.

"बोट नाही लावाचं!" आठ पोरी एका आवाजात ओरडल्या. उशीर झाला होता. बोटापाशी पाणी जमलं, बोटावरून मनगटावर, मनगटावरून बाहीत, कोपराशी लोंबलं आणि खाली धार लागली. बाई झेपावल्या, त्या जागी बोट टेकवून सर्रकन कडेपर्यंत रेघ ओढली. धार थांबली. पण तोवर कुसुमच्या गोधडीवर थाळीएवढा ओला डाग पडला होता, आणि तोही दौलतराव जिथे बसले होते नेमका तिथे.

सगळे त्या डागाकडे बघत राहिले. मग कुसुम म्हणाली, "बाबा, तुमी हातरूण ओलं केलं!"

पुढचं मला नीट सांगता येत नाही, कारण मी स्वतः जमिनीवर लोळत होते. बाईंनी हसू आवरायला शिट्टी तोंडात धरली, तर हसण्यानेच शिट्टी वाजायला लागली, फुर्र फुर्र. बाकीच्या तंबूंतल्या पोरींना वाटलं, हजेरीची शिट्टी झाली. त्या बिचाऱ्या भर पावसात धावत बाहेर आल्या आणि रांगेत 'सावधान' उभ्या राहिल्या. पोरी चिंब, गोधड्या कोरड्या. आणि दौलतराव ओल्या बाहीने मध्ये बसलेले. ते एकटेच हसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. निघेपर्यंत तो डाग वाळून गेला. मी बाईंना बंडीत म्हटलं, "वाळलंय ते. आता कशाला कुणाला सांगायचं?"

"वाळलं. पन झालं तं होतं ना ओलं," बाई म्हणाल्या. मग वाटभर बंडीच्या दोरीला गाठी मारत राहिल्या.

शाळेच्या फाटकाशी सगळे जमले होते: मोठ्या बाई, पालक, त्यांत पाऊस थांबल्यावर एकटेच परतलेले दौलतराव, आणि हो, स्काऊटमास्तरही. बंडीतून एकेक गोधडी उतरली, मोठ्या बाईंनी एकेक चाचपून बघितली. सगळ्या कोरड्या. त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे एकही ओलं झालं नाही तर!"

"एक झालं होतं," बाई म्हणाल्या.

बाईंनी कुणाचं, कसं, काही सांगितलं नाही. नुसत्या गळ्याशी हात नेऊन शिट्टीची दोरी डोक्यावरून काढायला लागल्या. स्काऊटमास्तर एक पाऊल पुढे आले. पोरींचे चेहरे रडवेले झाले. कुसुम बापाकडे बघत होती, एकटक.

दौलतराव खाकरले. पागोटं काढलं, पुन्हा घातलं. "ते..." म्हणाले, "ते मी केलं."

"काय केलंत?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"हातरूण."

"हातरुणाचं काय?"

"ओलं!" दौलतराव एकदम जोरात ओरडले. "मी केलं! हातरूण मी ओलं केलं! तंबू नाही गळला. बाईचा तंबू एक नंबर आहे. मी बोट लावलं म्हून झालं. ठेवा बाई ती शिट्टी गळ्यात!"

त्या दिवशी मोहाडी जशी हसली तशी पुन्हा हसलेली मी पाहिली नाही. मोठ्या बाई भिंतीला टेकून हसत होत्या. बाई मात्र या वेळी हसल्या नाहीत. त्यांनी शिट्टी पुन्हा गळ्यात घातली, दौलतरावांसमोर गेल्या आणि गाइडच्या मुली करतात तसा तीन बोटांचा कडक सलाम ठोकला. दौलतरावांनी गोंधळून नमस्कार केला.

गावाने पुढे कित्येक महिने त्यांना छळलं, ते काय सांगायचं! वर्षभर ते शाळेच्या रस्त्याने फिरकले नाहीत. पण पुढच्या संक्रांतीआधी मैदानात तंबू ठोकला आणि बाई पांढरी साडी नेसून आत शिरायला निघाल्या, तर मागून आवाज आला, "थांबा. मी बसतो." पांढरंशुभ्र धोतर नेसून दौलतराव उभे. आत जाऊन मांडी घातली, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले आणि म्हणाले, "ओता पोरीहो!" तेव्हापासून तो रिवाजच पडला. कुसुम दहावी होऊन कॉलेजला गेली, तरी दौलतराव दर वर्षी येऊन बसायचे.

माझी बदली झाली तेव्हा ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. डिसेंबरचा शेवट, तंबूंचे दिवस. सकाळी बाई घरी आल्या, मी सामान आवरत असताना शेजारी बसून तासभर बोलल्या. शिवणींवर आता इस्त्री कोण फिरवणार, नव्या बाईंना मेणाचा वास सोसेल का, असंच काहीबाही. निरोपाचं अवाक्षर नाही. "चाला, साबन उकळून राहिला," म्हणून गेल्या. मला रागच आला थोडा.

एसटी निघाली. शाळेवरून जाताना मी खिडकीतून पाहिलं. मैदानात तंबू, तंबूवर बादल्या ओतणाऱ्या पोरी, उघड्या दारातून दिसणारे, काखेत हात दाबून बसलेले दौलतराव, आता म्हातारपणाकडे झुकलेले. बाजूला कोपरापर्यंत फेस माखलेल्या बाई. गाडी बघून त्यांनी हात वर केला नाही. शिट्टी तोंडात घातली आणि एक लांबलचक फुंकली. पोरी चटकन रांगेत उभ्या राहिल्या, रस्त्याकडे तोंड करून. सगळ्यांनी तीन बोटांचा सलाम केला. दौलतरावांनीही काखेतून एक हात काढला आणि घाईने परत ठेवला.

भंडाऱ्याला गाडी थांबली. मी उठले, तर पदर ओढला गेला आणि पाठोपाठ माझी भलीमोठी पिशवी फरफटत आली. पदर पिशवीच्या बंदाला बांधलेला होता. पिशवी निघाल्यापासून खांद्यावरच होती, म्हणून कळलं नव्हतं. मी एक टोक ओढलं, गाठ घट्ट झाली. दुसरं ओढलं, आणखी घट्ट. मागची माणसं खोळंबली. मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी कधी वाहायला लागलं, कळलंच नाही.

"उतरा ना बाई," कंडक्टर म्हणाला. मग त्याने वाकून माझ्या तोंडाकडे पाहिलं. "हसून राहिल्या का रडून राहिल्या?"

"थांबा हो भाऊ," मी म्हटलं, "वाळलं की सांगते."